बंडू का जेवला नाही?

तिसरीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर पाच वाक्ये लिहिली आहेत असे समजा. ‘बंडूची शेळी सकाळपासून दिसत नव्हती. दिवस मावळला. आजीने ताट वाढले, पण बंडू उठला नाही. तो पडवीत बसून कुंपणाकडे पाहत राहिला. तेवढ्यात दूरवर घंटी वाजली.’ खाली एकच प्रश्न, दोन गुणांचा: बंडू जेवायला का उठला नाही?

वह्यांच्या गठ्ठ्यात चार तऱ्हेची उत्तरे निघतात. पहिले मोत्यासारख्या अक्षरात: ‘आजीने ताट वाढले, पण बंडू उठला नाही.’ दुसरे: ‘त्याला भूक नव्हती.’ तिसरे, ओळ सोडून खाली घसरलेले: ‘शेळी घावली नाय मनून त्याचं जेवनात मन नवतं.’ आणि चौथे: ‘त्याला मेथीची भाजी आवडत नाही.’

चौथ्याचा निकाल सोपा आहे. धड्यात मेथी नाही आणि भाजीही नाही. पोराने आपल्या घरचे ताट बंडूपुढे मांडले. खरी पंचाईत पहिल्या तीन उत्तरांची. पहिल्या उत्तरात एकही चूक नाही, अक्षर सुबक, वाक्य थेट धड्यातले. दिवसभराच्या दमणुकीनंतर चाळिसावी वही तपासणारा हात तिथे सहज ‘बरोबर’ची खूण करून पुढे जातो. तिसऱ्या उत्तरावर मात्र लाल पेन थांबते. ‘घावली’ला गोल, ‘नाय’ला गोल, ‘मनून’ला गोल, ‘जेवन’मधल्या ‘न’ला गोल, ‘नवतं’ला गोल. पाच गोलांनंतर दोनपैकी दोन द्यायला हात धजत नाही. मग एक गुण, फार तर दीड.

पण प्रश्न ‘का’ असा होता. पहिल्या मुलाने कारण सांगितलेलेच नाही. प्रश्नातले शब्द शोधले आणि ते ज्या वाक्यात सापडले ते उतरवून काढले. शेळी हरवणे आणि जेवण न जाणे या दोन गोष्टींमध्ये ‘म्हणून’ हा शब्द परिच्छेदात कुठेच नाही. तो दुवा वाचणाऱ्याने जोडायचा असतो, आणि तो तिसऱ्या मुलाने पुरता जोडला. दुसरा मुलगा अर्ध्या वाटेवर आहे: जेवण न जाण्यामागे काही कारण असते एवढे त्याने ओळखले, पण ते शेळीपाशी नेऊन बांधले नाही. वाचनाचे गुण द्यायचे तर उतरत्या क्रमाने तिसरा, दुसरा, मग पहिला अशी रांग लागते. अक्षराच्या आणि शुद्धलेखनाच्या नादाने पाहिले तर ती रांग नेमकी उलटी होते.

चौथीच्या वयाच्या मुलांचे वाचन तपासणारी ‘पिर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. मूल मजकुरातली उघड माहिती शोधते का, साधे अनुमान काढते का, तुकडे जुळवून अर्थ लावते का आणि मजकुराविषयी मत बनवते का, अशा चार अंगांनी तिच्यातले प्रश्न बेतलेले असतात. लिहून द्यायच्या उत्तरांना एक ते तीन गुण असतात आणि उत्तरसूचीत प्रत्येक गुणासाठी मुलांच्याच शब्दांतली नमुना उत्तरे दिलेली असतात. तपासणाऱ्याने समज बघायची. मुलाचे लेखनकौशल्य हा तिथला विषय नाही. शिवाय काही उत्तरे दोन वेगवेगळ्या माणसांकडून, एकमेकांचे गुण न दाखवता, तपासून घेतात. दोघांचे गुण जुळले नाहीत तर उत्तरसूचीत कुठे तरी ढिलाई आहे हे कळते.

ही दुहेरी तपासणी कशासाठी, याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे मागे सापडते. १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका जशाच्या तशा छापून घेतल्या आणि अनेक माध्यमिक शाळांच्या शिक्षकांकडे धाडल्या. शंभरापैकी गुण द्या, एवढीच विनंती. १४२ शिक्षकांनी गुण दिले. एका उत्तरपत्रिकेला कोणी ६४ दिले होते, तर कोणी ९८. दुसरीची तऱ्हा याहून न्यारी: तिचे गुण पन्नाशीपासून नव्वदीच्या पार विखुरलेले. भाषेचा पेपर म्हटला की असे व्हायचेच, असा आक्षेप आला. तेव्हा पुढच्या वर्षी दोघांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिच्या गुणांमधले अंतर आणखी मोठे निघाले, कारण कोणी फक्त उत्तर पाहिले होते, कोणी पायऱ्या आणि कोणी आकृतीचा नीटनेटकेपणा.

याहून बोलका प्रयोग १९६१ चा. पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले. त्यांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, तसेच शास्त्रज्ञ, वकील, लेखक-संपादक आणि व्यवसायातले अधिकारीही होते. निकष कोणताच दिला नव्हता. चांगल्या-वाईटाप्रमाणे निबंधांचे नऊ ढीग करायचे होते, इतकेच. ३०० पैकी १०१ निबंध नऊच्या नऊ ढिगांत पोचले. एकाला तो सर्वोत्तम वाटला, दुसऱ्याला सर्वांत वाईट. पाचपेक्षा कमी ढिगांत गेलेला निबंध एकही नव्हता.

डीडरिक यांनी मग वाचकांचीच छाननी केली. हे ५३ लोक मनाला येईल तसे वागले नव्हते. त्यांचे पाच गट पडत होते. सर्वांत मोठा गट विचार बघत होता. दुसऱ्या गटाचे लक्ष व्याकरण आणि शुद्धलेखनाकडे होते. तिसऱ्याला मांडणी महत्त्वाची वाटत होती, चौथ्याला शब्दांची निवड आणि पाचव्याला लेखनाची चव, लिहिणाऱ्याचा स्वतःचा बाज. प्रत्येक जण आपल्या परीने प्रामाणिक होता. फक्त ‘चांगला निबंध’ या दोन शब्दांचे अर्थ पाच होते.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षक-खोलीत हे पाच गट बसलेले दिसतील. ‘मुद्दा आला ना, मग झालं,’ म्हणणारे सर असतात, आणि ‘ऱ्हस्व-दीर्घ आत्ता नाही सुधारलं तर कधी सुधारणार?’ असे विचारणाऱ्या बाईही असतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. घोटाळा होतो तो दोघांची उत्तरे एकाच आकड्यात कोंबली की. दहापैकी सहा म्हणजे विचार चांगला पण लेखन अशुद्ध, की लेखन शुद्ध पण विचार उसना? त्या सहावरून पालकाला काहीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या बाईंनाही नाही.

डीडरिक यांच्या पाच गटांतूनच घटकनिहाय गुणदानाची वाट रुंदावली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बीव्हर्टनच्या शिक्षकांनी मुलांच्या लेखनाचे ढीग वाचून लेखनाचे सहा घटक ठरवले: कल्पना, मांडणी, लेखकाचा बाज, शब्दनिवड, वाक्यांचा ओघ आणि लेखननियम. प्रत्येकाला वेगळा गुण. दुसरी रीत समग्र गुणदानाची: निबंध एकदा सलग वाचायचा आणि आधी निवडून ठेवलेल्या नमुन्यांपैकी कोणाच्या जवळ जातो ते पाहून एकच गुण द्यायचा. शेकडो निबंध तपासायचे असतील तर समग्र रीत झटपट होते. पण वर्गातल्या एका मुलाला पुढे काय शिकवायचे हे ठरवायचे तर घटकांचेच गुण उपयोगी पडतात.

दोन्ही रीतींचा कणा म्हणजे नमुने. ‘कल्पना स्पष्ट आहे : ३, बऱ्यापैकी स्पष्ट आहे : २’ अशा तक्त्याने काही साधत नाही, कारण ‘बऱ्यापैकी’ म्हणजे किती हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्याऐवजी मुलांनीच लिहिलेले तीन-चार कागद समोर ठेवले आणि ‘हा तीनचा, हा दोनचा, हा एकचा’ असे शिक्षकांनी मिळून ठरवले की वाद मिटतात. निदान कशावरून वाद आहे ते तरी समजते.

बाकीची पथ्ये साधी आहेत आणि खर्च काहीच नाही. वहीवरचे नाव झाकून तपासावे. एका मुलाची अख्खी उत्तरपत्रिका एका दमात न संपवता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असे जावे. मध्येच गठ्ठा उलटसुलट करावा, कारण दोन उत्तम उत्तरांच्या पाठोपाठ आलेले मध्यम उत्तर उगीच फिके दिसते. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिले होते की माणसाच्या एका गुणाविषयी मत चांगले झाले की त्याचे बाकीचे गुणही चांगले वाटू लागतात. वर्गातल्या ‘हुशार’ मुलीच्या चुकीला ‘घाईत राहून गेलं असेल’ म्हणून माफी मिळते आणि मागच्या बाकावरच्या मुलाच्या त्याच चुकीला लाल गोल, यामागे हेच आहे.

लेखनाच्या नमुन्यांत मराठी शाळांची आणखी एक डोकेदुखी म्हणजे पाठ केलेला निबंध. ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय दिला की अर्धा वर्ग गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय, दोन शिंगे आणि एक शेपूट असते, येथून सुरुवात करतो. वाक्ये शुद्ध, परिच्छेद पाडलेले, शेवटी उपयोगांची यादी. आणि एखादा लिहितो: ‘आमचा मोत्या लंगडा हाय. त्याला टेंपोनं उडीवलं. तरी तो मला शाळेपतुर सोडाया येतो. बाई हाकलत्यात.’ या चार वाक्यांत एक प्राणी आहे, त्याच्यावर गुदरलेला प्रसंग आहे, लिहिणाऱ्याचे त्याच्याशी नाते आहे आणि शाळेविषयीची तक्रारसुद्धा. गायीच्या निबंधात मुलाचे स्वतःचे म्हणावे असे एकही वाक्य नाही. पण एकाच आकड्यात गुण द्यायचे ठरले की गाय बहुधा जिंकते. घटक वेगळे केले तर चित्र पालटते: लेखननियमांत गाय पुढे, कल्पनेत आणि बाजात मोत्या किती तरी पुढे. ‘माझा आवडता प्राणी’ऐवजी ‘एखाद्या प्राण्याने तुला त्रास दिला होता का?’ असे विचारले तर पाठांतराची पंचाईत होते, म्हणून विषय निवडणे हाही गुणदानाचाच भाग आहे.

चुकांचीही वर्गवारी करावी लागते. ‘हाय’, ‘नाय’, ‘शाळेपतुर’ ही घरच्या बोलीची रूपे आहेत. जे मूल ‘नाय’ लिहिते त्याने ऐकलेला ध्वनी अक्षरांत बरोबर उतरवला आहे. प्रमाण रूप त्याला अजून शिकायचे आहे. ‘झाड’ऐवजी ‘जाड’ लिहिणाऱ्या मुलाची अडचण निराळी आहे: त्याचा ध्वनी आणि अक्षर यांचा मेळच चुकला आहे. आणि तिसरी जात सर्वांत मजेदार. ‘फूलाचा वास’ लिहिणाऱ्या मुलाने खरे तर तर्क लढवला आहे: ‘फूल’ दीर्घ, त्याला ‘आचा’ जोडला, मग ‘फूलाचा’. मराठी लेखननियम मात्र सांगतात की सामान्यरूप होताना असा दीर्घ ईकार किंवा ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून फुलाचा, मुलाला, वकिलाला, जमिनीत. वर संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमातून वगळले आहेत, म्हणून ‘शरीर’चे ‘शरीराला’ दीर्घच राहते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार घातले. या अठरा नियमांत शिकल्यासवरल्या माणसांचीही त्रेधा उडते. आठ वर्षांच्या मुलाचे ‘फूलाचा’ आणि ‘जाड’ हे दोन्ही अर्ध्या-अर्ध्या गुणाने कापले तर दोन अगदी भिन्न गोष्टींवर एकच औषध दिल्यासारखे होते.

प्रकट वाचनाच्या मोजणीतही असेच बारकावे आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाची रीत खेड्यापाड्यांत ओळखीची झाली आहे. स्वयंसेवक घरी येतो आणि मुलापुढे एक कागद ठेवतो. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून होते. तीनपेक्षा जास्त चुका न करता, शब्द सुटे-सुटे न तोडता मुलाने तो वाचला की त्याला गोष्ट देतात. जमले नाही तर शब्द, तेही जमले नाही तर अक्षरे. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की मूल शब्दांच्या पायरीवर. सावकाश वाचले तरी चालते. या साध्या फूटपट्टीने देशाचे जे चित्र दिसले ते बोचरे होते: ग्रामीण भारतात तिसरीतल्या १०० मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये सुमारे २७ होती, टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये ती २० वर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ च्या आसपास पोचली.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात वेगही आला. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या शेवटी किमान ६०, आणि तेही समजून. आकडा सुटसुटीत आहे, पण ‘शब्द’ म्हणजे काय, हे भाषेवर अवलंबून असते. हिंदीत ‘स्कूल के बच्चों के लिए’ हे पाच शब्द झाले. मराठीत ‘शाळेतल्या मुलांसाठी’ दोनच. प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्यामुळे मराठी मुलाला दोन शब्दांत जवळजवळ तेवढीच मजल मारावी लागते. म्हणून दोन भाषांमधल्या मुलांचे मिनिटागणिक शब्द शेजारी मांडून तुलना करणे धोक्याचे. शिवाय घड्याळ दिसले की काही मुले अर्थ सोडून धावत सुटतात. भरभर वाचणाऱ्या मुलाला ‘बंडू का जेवला नाही?’ असे विचारावेच लागते.

महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या शाळांमध्ये ही सगळी मोजणी एका चौकटीत बसवण्यात आली. शिक्षणहक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला ७० गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचे आणि ३० सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचे, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिक म्हणजे रोजचे निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी अशी साधने. प्रगतिपुस्तकावर आकड्यांऐवजी श्रेणी: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, असे उतरत ई-२ पर्यंत. पुढे राज्यभर एकाच वेळी घ्यायच्या चाचण्याही आल्या; तिसरीपासूनच्या वर्गांसाठी त्यांच्या प्रश्नपत्रिकांसोबत शिक्षकांना उत्तरसूची मिळते.

या चौकटीतली सर्वांत चांगली कल्पना होती वर्णनात्मक नोंदीची. मुलाविषयी शिक्षकाने जे खरोखर पाहिले ते दोन ओळींत लिहायचे. पण वर्गात चाळीस मुले, आठ विषय, दोन सत्रे, असा हिशेब मांडला तर नोंदींची संख्या सहाशेच्या वर जाते. मग तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरू लागल्या. ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’, ‘स्वतःचे विचार मांडतो’, ‘लेखनात सुधारणा आवश्यक’. प्रगतिपुस्तकांतून हीच वाक्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सारखी भेटतात. नाव बदलले की नोंद तयार.

त्या दोन ओळींचे मोल काय असते, हे रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त त्यांच्या कामाविषयी शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात प्रगती झाली आणि गोडी टिकली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचे झाले तसे नाही. आकडा समोर आल्यावर मुलांनी शेऱ्याकडे फारसे पाहिले नसावे. आपल्याकडे पेपर हातात पडताच ‘तुला किती?’ हा पहिला प्रश्न असतो, हे प्रत्येकाला आठवत असेलच.

सगळे शेरे लिहिणे एका शिक्षकाच्या आवाक्यात नाही. पण दर आठवड्याला पाच वह्या निवडून त्यांवर एक-एक नेमका शेरा लिहिला तर दोन महिन्यांत चाळिसांचा वर्ग होतो, आणि सत्राच्या शेवटी नोंद लिहायला खरा ऐवज हाताशी असतो. शेरा मात्र त्या मुलाच्याच कामाविषयी हवा. ‘छान’ आणि ‘अक्षर सुधार’ हे दोन्ही कोणत्याही वहीवर शोभतात.

बंडूच्या प्रश्नाचे तिसरे उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत असा शेरा कसा पडेल? लाल गोल एकही नाही. समजेचे दोनपैकी दोन. खाली बाईंच्या अक्षरात: ‘शेळी आणि जेवण यांचा संबंध तू बरोबर ओळखलास. पुस्तकात “मनून” कसं लिहितात ते शोध आणि वाक्य पुन्हा लिही.’ पहिल्या, सुबक अक्षराच्या वहीत: ‘हे वाक्य फळ्यावर आहेच. बंडूच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल? तुझ्या शब्दांत सांग.’

दुसऱ्या दिवशी वह्या परत येतात. एकीत ‘म्हणून’ सुधारलेले आहे, ‘घावली’ मात्र तशीच आहे, आणि बाई ती तशीच ठेवतात. दुसरीत मोत्यासारख्या अक्षरांत बरीच खाडाखोड दिसते. खोडलेल्या तीन ओळींखाली चौथी अशी: ‘तो शेळीची वाट बघत होता. मग घंटी वाजली मणजे ती आली असेल.’ घंटीविषयी बाईंनी काही विचारलेच नव्हते.